स्थळप्रत विसरलेला व्यापार

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारच्या माहितीकेंद्राला आग लागली. बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता त्यांपैकी एकीने पेट घेतला आणि पाहता पाहता आग संगणकांच्या दालनात पसरली. त्या एका इमारतीवर विसंबून असलेल्या ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. त्यांतील बऱ्याचशा पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. परंतु सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद ज्यात ठेवावयाचे, तो ८५८ टेराबाइटचा सामायिक साठा मात्र कायमचा नष्ट झाला. सुमारे सव्वा लाख कर्मचारी त्याचा वापर करीत होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती का नव्हती याचे कारण सांगण्यात आले ते असे, की साठा फार मोठा असल्यामुळे त्याची प्रत बाहेर ठेवणे शक्य झाले नव्हते. ज्याचे जतन अधिक अगत्याने व्हावयास हवे, त्याचेच जतन तो मोठा आहे म्हणून झाले नाही, असा हा विलक्षण न्याय आहे.

या घटनेतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपापल्या टेबलावरील संगणकात कागद न ठेवता ते या सामायिक साठ्यातच ठेवावेत, अशी सूचना कर्मचाऱ्यांना २०१८ पासून देण्यात आलेली होती. ज्या खात्यांनी ती काटेकोरपणे पाळली, त्यांचे नुकसान सर्वांत अधिक झाले. आज्ञा मोडून ज्यांनी एखादी प्रत आपल्या खणात राखली असेल, त्यांचे काम वाचले. शिस्तीने बुडविले आणि बेशिस्तीने तारले, असा हा प्रकार आहे. संगणकविद्येत जगाच्या पुढे असलेल्या राष्ट्राची जर ही गत, तर आपल्या एका खोलीतल्या, एका संगणकावर साऱ्या वर्षाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची काय कथा?

एका जागी साठलेली नोंद

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या कचेरीत काम केलेल्या माणसाला 'स्थळप्रत' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पत्र बाहेर गेले की त्याची एक प्रत कचेरीत राहावयाची, हा नियम कारकुनाच्या हाडीमासी खिळलेला असे. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये कार्बन घातल्याशिवाय पत्र उमटत नसे. आवक-जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक पडे. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजच्या व्यवहाराची कीर्द लिहिली जाई आणि तीवरून खतावणी होई. म्हणजे एकच रक्कम दोन वह्यांत, दोन निरनिराळ्या रीतींनी उतरे. एक वही गहाळ झाली तरी दुसरीवरून बहुतेक हिशेब पुन्हा उभा करता येई. पावतीपुस्तकातील एक पान गिऱ्हाइकाकडे जाई आणि दुसरे पुस्तकातच राही. बँकेच्या खतावणीत जी रक्कम, तीच ठेवीदाराच्या पासबुकात असे.

या साऱ्या पद्धतीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. कागदाच्या काळात नोंदीची दुसरी प्रत ही कोणी मुद्दाम केलेली तरतूद नव्हती. ती कामाच्या ओघात आपोआपच तयार होत होती. शिवाय ती दुसऱ्या जागी आणि बहुधा दुसऱ्याच माणसाच्या हाती असे. तुकोबांची गाथा इंद्रायणीच्या डोहात बुडविली गेली तरी ती लोकांच्या मुखी होती म्हणून तरली, असा त्या परंपरागत कथेचा अर्थ अनेकांनी लावला आहे. जी वस्तू अनेकांपाशी आहे ती सहसा नष्ट होत नाही, हेच त्यातील व्यवहारज्ञान होय.

संगणकाने हा विखुरलेला पसारा आवरला. कीर्द, खतावणी, मालाचा साठा, येणे-देणे, कामगारांची हजेरी, गिऱ्हाइकांचे पत्ते हे सर्व एका हातभर पेटीत येऊन बसले. बेरीज चुकेनाशी झाली, शोधाशोध संपली, आणि वह्यांनी भरलेली कपाटे रिकामी झाली. ही सोय खरी आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु या आवराआवरीत ती जुनी, न मागता मिळणारी दुसरी प्रतही केराच्या टोपलीत गेली, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. पूर्वी जे आपसूक घडत होते ते आता जाणीवपूर्वक करावे लागणार आहे, एवढाच या प्रश्नाचा गाभा आहे. 'बॅकअप' हा शब्द नवा असला तरी त्यामागील कर्तव्य नवे नाही. ते स्थळप्रतीचेच आहे.

आग, पाणी आणि माणसाचा हात

नोंदी नष्ट होण्याची कारणे मोजकीच आहेत, आणि त्यांतील एकही दूरदेशीचे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीने वरचे मजले भस्मसात केले. माणसे दगावली आणि असंख्य नस्त्या जळाल्या. ज्या कागदांच्या संगणकीय प्रती आधीच काढलेल्या होत्या ते वाचले; इतरांची जुळवाजुळव जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांत पडून असलेल्या प्रतींवरूनच करणे भाग होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील तळमजल्यावरची दुकाने, गोदामे व कचेऱ्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठा बुडविल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली. अशा वेळी दुकानातील माल भिजला तर विम्याचा दावा तरी करता येतो. परंतु किती माल होता हे ज्यात लिहिलेले, तो संगणकच जर गाळात रुतला असेल, तर दावा कशाच्या आधारे करावयाचा? उधारी कोणाकडे किती होती हे कोणाला विचारावयाचे? पुरातून सावरण्यासाठी ज्या कागदाची गरज, तोच पुराने नेलेला असतो.

तथापि आग आणि पूर यांहून अधिक वेळा घात करतो तो माणसाचा हात. संगणकातील तबकडी झिजते आणि एके सकाळी ती निमूटपणे काम थांबविते. घाईत असलेला सेवक नको ती नस्ती पुसून टाकतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री गिटलॅब या आंतरराष्ट्रीय संगणक-कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावर द्यावयाची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली. चूक उमगून त्याने हात आखडता घेईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट माहिती उरली होती. तो अभियंता अडाणी नव्हता. दिवसभराच्या कामाने थकलेला होता. ज्या व्यवस्थेत थकलेल्या माणसाच्या एका चुकीने सर्वस्व जाऊ शकते, तीत दोष त्या माणसाचा मानावयाचा की व्यवस्थेचा, याचा विचार प्रत्येक मालकाने केला पाहिजे.

आणि आता या सर्वांच्या जोडीला खंडणीखोर आला आहे. रॅन्समवेअर या नावाने ओळखला जाणारा प्रकार म्हणजे घरात शिरून चोरी न करता घरालाच नवे कुलूप लावून किल्लीसाठी पैसे मागण्याचा धंदा होय. इंग्लंडमधील केएनपी या मालवाहतूक कंपनीचा मूळ व्यवसाय १८६५ पासून चालत आलेला होता. २०२३ च्या जूनमध्ये तिच्यावर असा हल्ला झाला. तिच्या प्रणाली व आर्थिक नोंदी अशा बाधित झाल्या, की नवे भांडवल उभारणे तिला जमले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिचे दिवाळे निघाले आणि सुमारे सातशे माणसांची नोकरी गेली. दोन महायुद्धांतून तरलेला धंदा नोंदींवाचून एक पावसाळाही तरला नाही.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

या विषयावर बोलू लागताच बहुतेक व्यावसायिक सांगतात, की आमच्याकडे ती सोय केलेली आहे. अधिक चौकशी करता असे दिसते, की 'सोय' या एका शब्दाखाली चार निरनिराळे गैरसमज नांदत आहेत.

पहिला गैरसमज असा, की एक यंत्र दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करीत राहिले म्हणजे राखीव प्रत झाली. हा आरसा आहे, प्रत नव्हे. समोरच्या माणसाच्या कपड्यांना आग लागली तर आरशातल्या माणसाच्याही लागते. जून २०१७ मध्ये मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीवर आलेले संकट याचे उत्तम उदाहरण होय. एका दुष्ट आज्ञावलीने तिचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी केले. त्या तडाख्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातील, याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचेही कामकाज कोलमडले. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारी सुमारे दीडशे यंत्रे होती, आणि ती सर्व एकमेकांची नक्कल करीत. एक गेले तर उरलेल्या कोणावरूनही ते पुन्हा उभारता येईल, असा त्यामागील हिशेब होता. सर्व एकाच वेळी जातील ही शक्यता कोणी धरली नव्हती, आणि नेमके तेच घडले. वाचले ते एकच. आफ्रिकेतील घाना देशात त्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेले राहिले. त्यातील माहिती हातोहात इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्या आधारे कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने मांडावे लागले. तोटा पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेला. जगातील एवढी मोठी कंपनी वाचली ती तिच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर एका गावाच्या भारनियमनासारख्या अपघातामुळे, हे विसरता कामा नये.

दुसरा गैरसमज म्हणजे खणातील पेन ड्राइव्ह. प्रत घेतली जाते हे खरे, परंतु ती त्याच टेबलाच्या खणात राहते किंवा संगणकाला कायमची जोडलेली असते. चोर संगणक नेतो तेव्हा खणही उचकटतो. पाणी टेबलावर चढते तेव्हा ते आधी खणातूनच जाते. आणि खंडणीखोर आज्ञावली जोडलेल्या प्रत्येक साधनात शिरते. मूळ आणि प्रत ही एकाच छपराखाली असतील तर त्यांना दोन म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरा गैरसमज अधिक आधुनिक आहे. 'आमचे सारे क्लाउडवर आहे', या वाक्याने हल्ली सर्व चर्चा संपविली जाते. क्लाउड म्हणजे आभाळातील ढग नव्हे. तीही कोणाची तरी इमारत आहे, तीत कोणाची तरी यंत्रे आहेत आणि तिलाही आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची अशी एक इमारत जळून खाक झाली. राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे मोजलेल्या काही गिऱ्हाइकांच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या, हे आगीनंतर उघड झाले, आणि प्रकरणे न्यायालयात गेली. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलकडे असलेले खासगी क्लाउड मांडणीतील एका चुकीमुळे पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या आयुष्यभराच्या बचतीचा तो प्रश्न होता. परंतु त्या निधीने एका दुसऱ्या सेवादात्याकडेही प्रती ठेवलेल्या असल्यामुळे काही दिवसांच्या खोळंब्यावर ते निभावले. जागा भाड्याने घेता येते. जबाबदारी भाड्याने देता येत नाही.

चौथा गैरसमज सर्वांत घातक होय. प्रत घेतली जाते, बाहेरही ठेवली जाते, पण ती उघडून कोणी कधी पाहिलेलीच नसते. वर उल्लेखिलेल्या गिटलॅबकडे प्रती राखण्याच्या एक नव्हे, पाच निरनिराळ्या तजविजी होत्या. प्रसंग आला तेव्हा त्यांतील एकही नीट चालत नसल्याचे आढळले. नित्याची प्रत घेणारी आज्ञावली कित्येक दिवस निष्फळ ठरत होती आणि तसे कळविणारी पत्रेही वाटेतच अडत होती. एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली प्रत हाताशी होती, म्हणून हानी सहा तासांच्या कामावर भागली. ज्या प्रतीवरून मूळ पुन्हा उभे करून पाहिलेले नाही ती प्रत नव्हे. ती प्रत असल्याची केवळ श्रद्धा होय.

करावयाचे ते काय?

यावरील उपाय गूढ नाहीत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक साधा आडाखा सांगितला आणि तो पुढे जगभर रूढ झाला. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या जागी असावी. घानातील प्रसंगाने त्याला एका पुरवणीची जोड दिली आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये. एक प्रत अशी असावी, की जी कोणत्याही तारेने वा जाळ्याने मूळ यंत्राशी जोडलेली नाही.

किती वेळाने प्रत घ्यावी, याचे उत्तर यंत्रशास्त्रात शोधण्याची गरज नाही. ते धंद्याच्या स्वरूपात आहे. किती तासांचे वा दिवसांचे काम पुन्हा करता येण्यासारखे आहे, हा पहिला प्रश्न. किती दिवस दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक परत येणार नाही, हा दुसरा. दिवसाला दहा बिले करणाऱ्या भांड्यांच्या दुकानदाराला एका दिवसाची नोंद स्मरणाने पुन्हा लिहिता येईल; हंगामात रोज शेकडो गाड्यांचे वजन नोंदविणाऱ्या साखर कारखान्याला एका तासाचीही येणार नाही. ही दोन उत्तरे मालकाने स्वतः द्यावयाची आहेत. संगणक दुरुस्त करणाऱ्याने ती परस्पर ठरवावीत, ही आजची रीत म्हणजे घराचे दार किती भक्कम असावे हे सुतारावर सोपविण्यासारखे आहे.

यानंतर उरते ती तालीम. तीन महिन्यांतून एकदा, कामकाजाच्या दिवशी, राखीव प्रत एखाद्या वेगळ्या संगणकावर उतरवावी. गेल्या महिन्याचा ताळेबंद तीवरून काढावा. आणि तो मुळाशी जुळतो की नाही हे पाहावे. यास एक दुपार लागेल. ज्या दिवशी तो जुळणार नाही, ती दुपार साऱ्या वर्षाची कमाई ठरेल.

खर्चाचा आणि गुपिताचा प्रश्न

या सूचनांवर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. पहिला खर्चाचा. लहान उद्योजकाला मंदी, कर आणि व्याज यांच्या कचाट्यात हा नवा भार कशाला, असे विचारले जाते. परंतु प्रत्यक्षात हा भार किती? लहान दुकानाचा सारा हिशेब मावेल अशा दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एक दुकानात आणि एक घरी, आळीपाळीने बदलावयाच्या. आणि त्याखेरीज एखाद्या सेवादात्याकडील माफक भाड्याची जागा. आगीच्या विम्याचा हप्ता भरताना जो व्यापारी आग लागली नाही म्हणून पैसे बुडाले असे मानीत नाही, त्याला हा खर्च जड वाटण्याचे कारण नाही. खरी अडचण पैशाची नसून सवयीची आहे. आजवर काही झाले नाही, हेच पुढेही काही न होण्याचे प्रमाणपत्र समजले जाते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. जितक्या प्रती जास्त तितक्या चोरीच्या वाटा जास्त, असे काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक, रुग्णांचे आजार, कामगारांचे बँक-तपशील असलेली डिस्क रिक्षात विसरली गेली तर नुकसान मालकाचे नव्हे, परक्याचे होते. म्हणून राखीव प्रत ही सांकेतिक लिपीत बंद केलेली असावी, तिची किल्ली दोन विश्वासू माणसांकडे असावी, आणि जुन्या प्रती केव्हा नष्ट करावयाच्या तेही ठरलेले असावे. परंतु तिजोरीच्या किल्ल्या हरवतात म्हणून तिजोरीच ठेवू नये, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही.

नोंद कोणाची?

येथवरचा युक्तिवाद हा मालकाच्या हिताचा झाला. परंतु प्रश्न केवळ त्याच्या हिताचा असता, तर तो त्याच्या मर्जीवर सोडून देता आला असता. स्वतःचे घर उघडे टाकण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. येथे तसे नाही. व्यवसायाच्या संगणकातील बहुतेक नोंदी मालकाविषयी नसतातच. पतसंस्थेच्या नोंदीत शिक्षकाची ठेव आहे आणि शेतकऱ्याचे फेडलेले कर्ज आहे. कारखान्याच्या नोंदीत कामगाराची हजेरी, त्याची शिल्लक रजा आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात आहे. खासगी रुग्णालयाच्या नोंदीत कोणाला कोणत्या औषधाचे वावडे आहे हे आहे. शिकवणीवर्गाच्या नोंदीत विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्काचा हप्ता आहे. ही नोंद हरवली तर मालकाचा धंदा बसेल. पण ठेवीदाराला आपली ठेव, कामगाराला आपली हजेरी आणि विद्यार्थ्याला आपला हप्ता सिद्ध करीत दारोदार फिरावे लागेल. पूर्वी त्यांच्या हाती पासबुक वा पावती असे. आता बहुधा केवळ एक संदेश असतो, आणि तोही दूरध्वनी बदलला की जातो. दुर्बळाच्या हातचा पुरावा काढून घेऊन तो ज्याने आपल्याकडे एकवटला, तो त्या पुराव्याचा विश्वस्त होतो. आणि विश्वस्ताला निष्काळजीपणाची मुभा नसते.

कायद्यानेही ही भूमिका बऱ्याच अंशी स्वीकारली आहे. कंपन्यांनी संगणकात ठेवलेल्या हिशेबपुस्तकांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवली पाहिजे, असा नियम आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ही प्रत रोजच्या रोज घेणे बंधनकारक झाले. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांतही, अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता येतील अशा रीतीने प्रती राखाव्यात, असे म्हटलेले आहे. म्हणजे नोंदणी झालेला लहान व्यापारीही या कर्तव्यातून सुटत नाही. परंतु किती व्यापाऱ्यांना हा नियम ठाऊक आहे? विवरणपत्र भरण्यास एक दिवस उशीर झाला तर दंडाची तंबी देणारी यंत्रणा, ते विवरण ज्या नोंदींवर उभे आहे त्या शाबूत आहेत काय, हे सहसा विचारीत नाही.

दुसरा अन्याय कचेरीच्या आत घडतो. प्रत घेण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ कारकुनावर, तोंडी, सोपविलेले असते. त्यासाठी त्याला वेळ दिलेला नसतो, साधन मागितले तर 'पुढच्या महिन्यात पाहू' असे उत्तर मिळते, आणि ज्या दिवशी माहिती जाते त्या दिवशी जबाब मात्र त्याचाच घेतला जातो. अधिकाराविना जबाबदारी ही आपल्या कचेऱ्यांची जुनी खोड आहे. प्रत कोणी, केव्हा आणि कोठे ठेवावयाची हे लेखी ठरले पाहिजे, घेतलेल्या प्रतीची नोंद आवक-जावकाप्रमाणे वहीत झाली पाहिजे, आणि तिच्याखाली कारकुनाच्या जोडीने मालकाची वा व्यवस्थापकाचीही सही पडली पाहिजे. तोंडी हुकमाने सोपविलेले काम हे न सोपविल्यासारखेच असते.

तयारी असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर खंडणीखोर आज्ञावलीने कुलूपबंद केले. सुमारे दोन आठवडे बाह्यरुग्णांच्या नोंदी, तपासण्या व दाखले हे सर्व पुन्हा हाताने लिहावे लागले. रुग्णांचे हाल झाले आणि त्या संस्थेच्या सुरक्षेतील उणिवाही उघड झाल्या. परंतु हल्ला न पोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णालयाच्या मुख्य प्रणालीची सर्व माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. राखीव प्रतीने हल्ला टळत नाही, हे यावरून दिसते. ती संकटाला दोन आठवड्यांची मर्यादा घालते. तिच्यावाचून त्याला मर्यादाच राहत नाही.

या कामी व्यापारी संघटना, सहकार खाते आणि लेखापरीक्षक यांनी पुढाकार घेण्याची गरज आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी तिजोरीतील रोकड मोजली जाते, गोदामातील पोती मोजली जातात. त्याच वेळी राखीव प्रत उघडून दाखविण्यास सांगणे अवघड नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला द्विनोंदी पद्धती शिकविली जाते. नोंदीची प्रत राखणे हा त्याच धड्याचा उत्तरार्ध म्हणून शिकविला गेला पाहिजे. उद्या पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत बसणार आहेत ते हेच विद्यार्थी, आणि सवय लागते ती शिकण्याच्या वयातच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महाराष्ट्रातील व्यापारी अजूनही वहीची पूजा करतो. वही आता संगणकात गेली म्हणून कित्येक जण त्या यंत्रालाच हळदकुंकू वाहतात. त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण नोंदीला देवत्व देणारा समाज नोंदीचे मोल जाणत होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. परंतु पूजेने वही जळण्याची वा भिजण्याची राहत नाही. त्या संध्याकाळी पूजा आटोपल्यावर घरी ठेवलेली दुसरी प्रत आणून उघडून पाहण्याची प्रथा प्रत्येक पेढीने पाडली, तर निदान वर्षातून एकदा तरी खात्री होईल. आणि ज्या पेढीवर आणण्यासाठी दुसरी प्रतच नाही, तिच्या मालकाला ठेवीदार, कामगार आणि गिऱ्हाईक या तिघांनीही ती का नाही, हे विचारावयास आता लागले पाहिजे.